टाकीतली शेवटची कुपी

आई, तुझं रक्त अजून आमच्याकडे आहे. सगळं नाही, त्यातल्या पांढऱ्या पेशी फक्त, आणि त्याही करंगळीएवढ्या प्लास्टिकच्या कुपीत. तुला वाटलं होतं की त्या दिवशी काढलं आणि त्याच दिवशी वापरून संपलं. मीही तुझा तो समज कधी दूर केला नाही, कारण तू विचारलं नाहीस आणि मला तेव्हा सांगण्यासारखं काही वाटलं नाही. थोडं वापरलं, उरलेलं गोठवलं, एवढंच. विद्यापीठाच्या आमच्या लॅबमध्ये, पालघरहून बोईसरला जाणाऱ्या रस्त्यावर, तळमजल्यावरच्या एका खोलीत द्रव नायट्रोजनची टाकी आहे. उघडली की पांढरा धूर पायाशी उतरतो. त्या थंडीत पेशी मरत नाहीत, वाढत नाहीत, म्हाताऱ्या होत नाहीत. तू गेलीस त्यानंतर करोना येऊन गेला, बेटेगावची आपली चाळ पाडून तिथे इमारत झाली, माझे केस कानाजवळ पिकले. टाकीतली तू मात्र अजून त्याच दुपारची आहेस.

ती दुपार तुला आठवत असेल का, या प्रश्नाला काही अर्थ नाही, पण मी तो विचारतेच. मी तेव्हा नवखी संशोधक विद्यार्थिनी होते. तुझ्या पॅकिंगच्या कंपनीला साप्ताहिक सुट्टी होती आणि तू डबा घेऊन लॅब बघायला आलीस. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, आणि वर मावशीच्या वाडीतले चिकू. रिक्षातून उतरलीस ती नवी साडी नेसून, जशी लग्नाला निघालीस. आमच्या लॅबची एक खोड होती, अजून आहे. शरीर आपलं कोण आणि परकं कोण हे कसं ओळखतं, हा आमचा अभ्यास, आणि त्यासाठी धडधाकट माणसाचं ताजं रक्त सारखं लागतं. बाहेरचे दाते मिळत नाहीत, मग आम्हीच आलटूनपालटून दंड पुढे करायचो. सगळ्यांच्या कोपरात टोचल्याच्या खुणा. म्हणून कुणी धट्टाकट्टा पाहुणा दारात दिसला की आधी चहा आणि मग सुई, असं आम्ही हसत म्हणायचो. तुला कुणी म्हटलं नव्हतं. आम्ही त्या दिवशीच्या दात्याची वाट बघत बसलो होतो, तो आलाच नाही, आणि तू ते ऐकून म्हणालीस, "माजं घ्या की. मी काय आजारी नाय."

संमतीच्या कागदावर तू सही केलीस, सावकाश, प्रत्येक अक्षर कोरून. मग मला हळूच विचारलंस, "यातून काय काय कळतं गं?" आणि मी, चार महिन्यांची शहाणी, सगळ्यांसमोर रुबाबात म्हणाले, "सगळं कळतं आई." तू गप्प झालीस. पदर पुढे ओढलास, परत मागे केलास. मला वाटलं सुईला घाबरलीस. मी तुझा दंड धरला, तंत्रज्ञ बाईंनी सुई लावली, आणि तू भिंतीकडे बघत राहिलीस. नंतर मी तुला यंत्रातून फिरवून काढलेली नळी दाखवली. खाली लाल, वर पिवळं, आणि मधे पांढरट कडी. तू म्हणालीस, दुधावरची साय दिसते तशीच. ती कडी मी पिपेटने उचलली. आज मागे वळून बघताना मला तुझी ती चुप्पी ऐकू येते. तेव्हा फक्त नळी दिसत होती.

तू गेल्यावर मी टाकीपाशी जायला लागले. रडायला नाही, मला तसं रडता येत नाही हे तुला माहीतच आहे. नायट्रोजन उडून जातो, तो वरचेवर भरावा लागतो. बोईसरहून टेंपो येतो, मोठा पिंप उतरवतो. ते काम खरं तर कुणीही करावं, पण ते मी माझ्याकडे घेतलं. लॅबमध्ये याचं कौतुक व्हायचं, मॅडम एवढ्या मोठ्या झाल्या तरी टाकी स्वतः भरतात. दात्यांची नावं कुपीवर नसतात, नुसते क्रमांक असतात, आणि क्रमांकामागचं माणूस विसरून जायचं हा आमचा नियम आहे. मी विसरले नाही. तू कुठल्या खणात, कुठल्या पेटीत, कितव्या घरात आहेस हे मला अंधारात सांगता आलं असतं. टाकी भरून झाली की झाकण लावायच्या आधी मी क्षणभर थांबायचे. बोलायचे नाही. धूर अंगावर घ्यायचे आणि झाकण लावायचे. हे वेड आहे हे मला कळतं. मी पेशींवर शिकवते, पेशी म्हणजे माणूस नव्हे हे दरवर्षी नव्या मुलांना सांगते, आणि तरी टाकीच्या खोलीत मला पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटत राहायचं.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे एक विद्यार्थी आहे, लातूरकडचा, शांत, काटेकोर. हातमोजे दोन-दोन घालणारा. करोनाच्या आधी गोठवलेल्या पेशी त्या विषाणूला कशा सामोऱ्या जातात, हे तो तपासतोय. ज्यांनी तो विषाणू कधी पाहिलाच नाही अशा माणसांच्या पेशी आता कुठून आणणार, म्हणून आमच्या जुन्या कुप्यांना सोन्याचं मोल आलं. त्या कुप्या वापरायच्या आधी लेबलं बरोबर आहेत ना, हे बघायला त्याने एक साधी चाचणी लावली. पुरुषाच्या पेशीत वाय गुणसूत्र असतं, बाईच्या नसतं. लेबलावर बाई असेल तर वाय दिसता कामा नये. सगळ्या कुप्या नीट निघाल्या, एक सोडून. त्या एकीत वाय दिसत होतं. अगदी पुसट, पण प्रत्येक वेळी. क्रमांक त्याने बैठकीत वाचून दाखवला आणि माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला. तो तुझा क्रमांक होता.

विभागप्रमुख सर कडक आहेत, पण वाईट नाहीत. ते म्हणाले, "यात गूढ काही नाही. तू पुरुष आहेस, नमुना बाईचा आहे. तुझ्या कातडीचा एक कण पडला असणार. काम गलथान आहे." मुलगा म्हणाला, "सर, मी फार जपून करतो." सर म्हणाले, "जपून केलं असतं तर हे दिसलं नसतं." आणि मग सहज, कागद उलटता उलटता म्हणाले, की एका नमुन्यात असं झालं असेल तर बाकीच्यांची खात्री कशी धरायची, या सत्राचे सगळे निकाल रद्द धरावे लागतील. मुलाने वही मिटली. त्याची शिष्यवृत्ती संपत आली आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली.

मी म्हटलं, मी पुन्हा करून बघते. त्या दोन दिवसांत खोलीत एकाही पुरुषाला येऊ दिलं नाही. मी आणि आमच्या तंत्रज्ञ बाई, दोघीच. तुझ्या दोनच कुप्या उरल्या होत्या, त्यातली एक वितळवली. वितळवताना घाई करायची असते, गोठवताना हळू आणि वितळवताना झटकन, असा आमचा नियम आहे, म्हणून मला तिच्याकडे बघत बसता आलं नाही, याचं मला बरंच वाटलं. पेशींवर निळा रंग सोडला. मेलेली पेशी रंग आत घेते, जिवंत पेशी घेत नाही. भिंगाखाली तू होतीस, आई, जवळजवळ सगळीच रंगाला नकार देणारी, स्वच्छ आणि गोल. तुला जाऊन एवढी वर्षं झाली, आणि तुझ्या पेशी माझ्यासमोर जिवंत होत्या. मी खुर्ची मागे सरकवली. बाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, रंगाच्या वासाने डोळे चुरचुरले. आणि मग चाचणी केली. वाय पुन्हा आलं, तसंच पुसट, तसंच ठाम.

पहिल्यांदा मनात आलं ते हे की लेबल चुकलंय. ही तू नाहीसच. म्हणजे इतकी वर्षं मी कुणा परक्या माणसाशेजारी उभी राहून झाकण लावत होते. त्या विचाराने मला जो संताप आला तो कुणावर काढावा हे कळेना. घरी आले, भात लावला, आणि कुकर गार होईपर्यंत तिथेच उभी राहिले. कारण दुसरी शक्यताही मला माहीत होती, आमच्या विषयातली कुठलीही पोरगी सांगेल. गर्भ पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात, आणि मूल बाहेर आल्यावरही त्या तिथेच राहतात, वर्षानुवर्षं. परक्या असून शरीर त्यांना हाकलत नाही. ज्या बाईने मुलगा पोटात वाढवला तिच्यात त्या मुलाचं वाय सापडू शकतं. पण तुला मी एकटीच होते.

एकटीच होते ना? मला बेटेगावचा तो ओटा आठवायला लागला. मी तिसरीत असेन. राखीचा दिवस, शेजारच्या पोरी भावांना ओवाळत होत्या, आणि मी तुला विचारलं की मला भाऊ का नाही. तू बोंबील साफ करत होतीस. हात थांबले. "परत इचारलंस तर बग," एवढंच म्हणालीस, माझ्याकडे न बघता. तू मारायची नाहीस, पण त्या आवाजाने मी दारात जाऊन बसले. आणि सर्वपित्रीला तू कावळ्यासाठी पान वाढायचीस, त्याच्या शेजारी एक छोटं पान वेगळं असायचं. त्यावर नुसता मऊ दूधभात, मीठही नाही. मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "म्हातारबाबाला दात नव्हते." ते उत्तर मी पन्नाशीला येईपर्यंत मान्य करून बसले. स्वतःला चिकित्सक म्हणवते मी.

शनिवारी मावशीकडे गेले. बोईसरच्या नाक्यावर शिफ्टच्या बसेस उभ्या होत्या, निळ्या डगल्यातली माणसं उतरत होती, आणि मला उगाच वाटलं की पॅकिंगची टोपी काढत तू त्यातून पुढे येशील. मावशी आता थकली आहे. ओटीवर बसून चिकू निवडत होती, पिकले एकीकडे, कच्चे एकीकडे. मीही बसले, हाताने निवडायला लागले, आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "मावशी, माझ्या आधी आईला मुलगा झाला होता का?"

तिचा हात टोपलीतच राहिला. "कोन बोल्लं तुला?"

"कुणी नाही. तिच्या रक्तात दिसलं."

"रक्तात? ती जाऊन इतकी वर्सं झाली." आतून टीव्हीचा आवाज येत होता. "व्हता," ती म्हणाली. "सातव्या मयन्यात झाला. दोन दिस ऱ्हायला. इतकासा व्हता, पन नाक तुज्या बापाचं. तुजी आजी बोल्ली, कंपनीत उबी राऊन राऊन पोर घालवलंस. सगल्यांसमोर बोल्ली. ते तिला लागलं. मग तुज्या बापाला घेऊन बेटेगावला रूम केली, ती परत सासरी ऱ्हायला आलीच नाय."

"मला का नाही सांगितलं?"

"माज्याकडून शब्द घेतला तिने. पोरीला सांगायचं नाय." मावशीने एक चिकू दाबून बघितला आणि कच्च्यात टाकला. "ती बोल्ली, पोरीला वाटंल, मी त्याच्या जागी आली."

निघताना तिने माझा हात धरला. "आता तरी कोनाला बोलू नको. तिचं तिच्यापाशी ऱ्हाऊ दे." मी हो म्हटलं. त्या क्षणी मला ते खरंच पाळायचं होतं.

रविवारभर मी एक एक वाट शोधली. लेबल चुकलं म्हणून सांगितलं असतं तर तुझी उरलेली कुपी निकामी ठरून भट्टीत गेली असती, आणि त्या विद्यार्थ्याचं काम तरीही संशयातच राहिलं असतं. गप्प बसले असते तर तो बुडाला असता. दाता बाई आहे, तिला मुलगा झाला असेल, असं मोघम म्हणावं, असंही ठरवलं होतं. सोमवारी आम्हा दोघींच्या चाचणीतही वाय आल्याचं सांगितलं आणि तेच म्हटलं. सर म्हणाले, "असेल आणि आहे यात फरक आहे, लेबलंच चुकलेली असू शकतात. दात्याला विचारता येईल का?" मी म्हटलं, "त्या आता हयात नाहीत." ते म्हणाले, "दाता कोण हे तुम्हाला कसं माहीत? इथे नावं नसतात." सगळे माझ्याकडे बघत होते. तो विद्यार्थी टेबलाकडे बघत होता, त्याच्या बोटांची नखं खाल्लेली होती. आणि मी बोलले, आई. "ती माझी आई होती. तो दंड मी धरला होता. माझ्या आधी तिला मुलगा झाला, दोन दिवस जगला." तुझी आयुष्यभराची राखण, बैठकीच्या खोलीत, बिस्किटांच्या बशीसमोर, एका वाक्यात गेली. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नमुना बरोबर आहे. याचे निकाल ग्राह्य धरा." पुढचा विषय सुरू झाला, नव्या फ्रीजचा.

मी तुझी माफी मागणार नाही. दुसऱ्याचं पोर उभं राहावं म्हणून तू बोलली असतीस की नाही, मला ठाऊक नाही. मला वाटतं, असतीस. पण मला झोप लागत नाही. डोळा लागला की तू भिंतीकडे बघत बसलेली दिसतेस, आणि मी तिथे उभी राहून म्हणते, सगळं कळतं आई. तुला त्या दिवशी वाटलं असेल का, की ही आता शोधून काढणार? तरी तू दंड मागे घेतला नाहीस. कधी वाटतं, तुलाच ते कुणीतरी शोधून काढायला हवं होतं. कधी वाटतं, हे मी माझ्या सोयीसाठी रचतेय.

आणि एक राहिलंय. गेल्या आठवड्यात तो मुलगा माझ्या खोलीत आला, लाजत, उपकार फेडायच्या घाईत. म्हणाला, "मॅडम, त्यांच्यात तुमच्याही पेशी असतील. आपल्या चाचणीत मुली दिसत नाहीत, कारण आई आणि मुलगी सारख्याच. पण वडिलांचं एक्स गुणसूत्र फक्त मुलीला मिळतं. तुमचं थोडं रक्त द्या, त्यातली वडिलांची खूण काढू, आणि ती शेवटच्या कुपीत शोधू. सापडली तर त्या तुम्हीच." त्याचे डोळे चमकत होते. पद्धत अचूक होती, मीच त्याला शिकवली होती. मी बाही वर केली, खुर्चीत बसले, त्याने दंडाला पट्टा बांधला. आणि मग फोन आल्याचं सांगून मी उठले. फोन आला नव्हता.

लॅबमध्ये सगळ्यांना वाटतं, ती शेवटची कुपी मी तुझी आठवण म्हणून राखली आहे. सर तर म्हणाले, राहू द्या, भावनेचा प्रश्न आहे. तसं नाही, आई. तो दोन दिवस जगला आणि जन्मभर तुझ्यात राहिला. मी तुझ्या कुशीत झोपले, तुझ्या हातचं जेवले, तुझे पाय चेपले, तुला अखेरचं पाणी पाजलं. आता ती कुपी उघडली आणि त्यात तो निघाला, आणि मी निघाले नाही, तर? हे मी त्या मुलाला सांगू शकत नाही, मावशीलाही नाही. तुला सांगते, कारण हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही. मला माझ्या त्या भावाचा हेवा वाटतो.